बुलेटचे कॅम घरी बदलता येतात ते का, त्यामागचा इतिहास

कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या इंजिनवाल्या जुन्या बुलेटचे कॅम बदलायला टाकी काढावी लागत नाही, हेडला (सिलिंडरच्या वरच्या झाकणाला) हात लावावा लागत नाही, इंजिन फ्रेममधून उतरवायचा तर प्रश्नच नाही. उजव्या बाजूचं कव्हर उघडलं की दोन कॅम समोर दिसतात, डोसे पलटावेत इतके जवळ. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं आपण काहीतरी चुकीचं उघडलंय, कारण तोपर्यंत कॅम म्हणजे हेडच्या आत, चेनच्या मागे, फक्त सर्व्हिस सेंटरवाल्याने बघायची वस्तू असाच समज होता. मग हे असं का आहे याच्या मागे लागलो आणि पार इंग्लंडपर्यंत जाऊन आलो, म्हणजे वाचनात.

कॅम म्हणजे काय ते एकदा पटकन. फोर स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारी इनलेट आणि धूर बाहेर सोडणारी एक्झॉस्ट झडप, उघडायला एक नाकवाला गोल तुकडा फिरत असतो, तो क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा. इंजिन ४००० आरपीएमला चाललं असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २००० वेळा उघडतोय आणि बंद होतोय, आणि तेवढ्याच वेळा कॅमचं नाक टॅपेटच्या (कॅमवर टेकून वरखाली होणाऱ्या दांडीच्या) बुडाला घासतंय, मध्ये फक्त तेलाचा पातळ थर. तेल कमी पडलं, जुनं झालं, किंवा कॅमचं लोखंडच मऊ निघालं की नाक खाल्लं जातं, व्हॉल्व्ह कमी उघडतो, गाडी दम टाकते आणि खालून टकटक यायला लागते. मिस्त्री लोक सरळ म्हणतात, कॅम खाल्लाय.

गंमत म्हणजे अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलींना इनलेटचा कॅमच नव्हता. द दियाँ बुताँ या फ्रेंच कंपनीच्या धर्तीवरची जी छोटी इंजिनं १९०० च्या आसपास सगळीकडे बसवली जायची त्यांत इनलेट व्हॉल्व्ह हलक्या स्प्रिंगवर असायचा आणि पिस्टन खाली गेला की त्या ओढीनेच उघडायचा, कॅम फक्त एक्झॉस्टला. कमी आरपीएमला चाललं सगळं, वेग वाढवायला गेलं की व्हॉल्व्ह वेळेवर उघडेना, मग दुसरा कॅम आला. पुढं बरीच वर्षं साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला उभे आणि कॅम त्यांच्या खाली. मग व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, पण कॅम खालीच राहिला आणि दोघांच्या मध्ये लांब सळई आली, तीच पुशरॉड. बुलेट या पिढीतली. कॅम वर न्यायचं तंत्र तेव्हाही होतं, रेसिंगच्या गाड्यांना ओव्हरहेड कॅम असायचे, पण ते महाग आणि नाजूक काम, रोजच्या गाडीला पुशरॉड पुरे.

बुलेट हे नाव रॉयल एनफिल्डने इंग्लंडात रेडिच इथं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरायला सुरुवात केली, पण आपल्याला माहीत असलेली बुलेट ही युद्धानंतरची. १९४८ मध्ये तिचे नमुने ट्रायल स्पर्धांत उतरवले आणि १९४९ पासून ती विकायला आली. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, ३४६ सीसी. लांब स्ट्रोक म्हणूनच ती डुगडुग. इंजिनच्या उजव्या बाजूला एक पेटी, तिच्यात क्रँकच्या टोकाला छोटा गियर, त्यावरून इनलेट आणि एक्झॉस्टचे दोन वेगळे कॅम, प्रत्येक कॅम आपल्या गियरसोबतच आणि स्वतःच्या स्थिर स्पिंडलवर फिरणारा, पुढं आयडलर गियर (नुसती गती पुढं नेणारे) आणि शेवटी इग्निशन, म्हणजे ठिणगीची यंत्रणा. चेन नाही, ती ताणून धरणारा टेन्शनर नाही, सगळं दात्याला दाता.

आता हे असं उघडं-वाघडं का ठेवलं, तर त्या काळचा गिऱ्हाईक डोक्यात होता. युद्धानंतरच्या इंग्लंडात मोटरसायकल ही कामगाराची गाडी, कार परवडत नाही म्हणून घेतलेली, आणि वर्कशॉपचं बिलही परवडत नाही. त्या वेळच्या मालकाला मिळणाऱ्या पुस्तिका बघितल्या तर हेड उतरवून कार्बन कसा खरवडायचा, व्हॉल्व्ह कसे घासून बसवायचे हे मालकाला सांगितलेलं असायचं, जसं आपल्याला आज टायरची हवा किती ठेवायची ते सांगतात. मालक रविवारी गाडी उघडणार हे डिझाइन करणाऱ्याने धरूनच चाललेलं होतं. आज इंजिनवर स्टिकर असतं, अधिकृत केंद्राशिवाय उघडू नये. ७० वर्षांत मालकाबद्दलचं मत किती घसरलं बघा.

मग ती आपल्याकडे आली. पन्नासच्या दशकात भारतीय लष्कराला सीमेवर फिरायला गाडी हवी होती, ३५० ची बुलेट निवडली गेली, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली. आधी सुटे भाग आणून जोडणी, मग हळूहळू यंत्रसामग्रीच इकडं आली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सगळे भाग इथंच बनायला लागले. १९६७ ला रेडिचचा कारखाना बंद पडला, १९७० मध्ये तर इंग्लंडातलं उत्पादनच संपलं. म्हणजे आई गेली आणि पोर दत्तक घरात वाढलं. १९७७ पासून तर इथली बुलेट परत इंग्लंडला निर्यात व्हायला लागली.

मला वाटतं घरी कॅम बदलण्याचं खरं मूळ इथं आहे. लायसन्स राजच्या काळात कंपनीवर मॉडेल बदलायचा दबावच नव्हता, जे बनतंय ते विकलं जातंय, त्यामुळं हे इंजिन मूळ मांडणीत जवळजवळ २०१० पर्यंत चाललं. थोडेफार बदल होत राहिले, सहा व्होल्टचं बारा व्होल्ट झालं, पण उजवं कव्हर उघडलं की आत तेच. साठ वर्षं तेच इंजिन म्हणजे साठ वर्षं तेच पार्ट, तेच पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचं हत्यार), तेच ज्ञान. पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीत करोल बागेत जाऊन बुलेटचे कॅम द्या म्हटलं तर समोरचा चेसिस नंबर विचारत बसत नाही. आणि गावातल्या मिस्त्रीने ज्याच्याकडून शिकलं त्यानेही हेच इंजिन उघडलेलं, त्यामुळं पुस्तक न वाचता ज्ञान हातातून हातात आलं, चुकांसकट.

चुकांसकट म्हणायचं कारण वर्म नट. क्रँकच्या टोकाला टायमिंग गियर धरून ठेवणारा जो नट आहे त्यावरच ऑइल पंपाची स्पिंडल फिरवणारे पेचाचे दाते कापलेले आहेत, आणि हा नट उलट्या आट्यांचा आहे. उलट्या आट्यांचा हे न कळता आधीच्या एका मिस्त्रीने माझ्या गाडीवर नेहमीच्या दिशेने पाना आणि वर हातोडा चालवलेला होता, त्याच्या खुणा मला पहिल्यांदा कव्हर काढलं तेव्हा दिसल्या आणि दोन दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. बरं, नुसते कॅम बदलायचे तर या नटाला हात लावायची गरजच नसते.

काम खरंच साधं आहे. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वर आणायचा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, टॅपेट पूर्ण ढिले करायचे, कव्हर काढायचं, जुन्या कॅमवरच्या खुणांचा फोटो काढायचा (आमच्या काकांच्या वेळी वहीत चित्र काढायचे), कॅम स्पिंडलवरून सरकवून बाहेर, नवे आत, खुणा जुळवायच्या. एक दाता चुकला तरी गाडी किक मारून मारून घाम काढते पण सुरू होत नाही, किंवा सुरू होते आणि सायलेन्सरमधून फटाके. आयडलर हलवले असतील तर पॉइंटचं (ठिणगीच्या स्विचचं) टायमिंगही परत बघावं लागतं.

मांडणी साधी आहे, पण एका जागी त्या इंग्रज इंजिनिअरांनी सगळं एकाच कव्हरला लटकवून ठेवलंय. ऑइल पंप याच कव्हरात. तेलाच्या वाटा याच कव्हरातून जातात. बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या सांध्याला, तेल जातं ते याच कव्हरातून क्रँकच्या टोकात, आणि तिथं एक छोटंसं सील आहे, जुन्या गाड्यांत बुचाच्या लाकडाचं असायचं. दिसायला किरकोळ. ते राहिलं, फाटलं, उलटंसुलटं बसलं तर तेल क्रँकमध्ये न जाता पेटीतच सांडतं आणि बिगएंड कोरडं पडतं. म्हणजे कॅमचा आवाज घालवायला कव्हर उघडलं आणि क्रँक उतरवायची पाळी आली, असं होतं. म्हणून कव्हर बसवताना पॅकिंग नवं, सील नवं, आणि इंजिन हळूच फिरवत कव्हर दाबायचं म्हणजे पंपाची स्पिंडल वर्मच्या दात्यांत नीट बसते, हातोडीने ठोकलं की दाते गेले. सुरू केल्यावर रॉकरला (वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेला) जाणाऱ्या पाइपचा बॅन्जो बोल्ट, म्हणजे तेल जाऊ देणारा पोकळ बोल्ट, जरा ढिला करून तिथं तेल येतंय का बघायचं. तेल आलं की चहा.

शेवटी टॅपेट सेटिंग. सिलिंडरच्या बुडाशी छोटं झाकण आहे ते काढायचं, इंजिन थंड पाहिजे, पुशरॉड बोटांनी गोल फिरली पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) लागत नाही. हे सांगायला एक ओळ आणि हाताला यायला दोन वर्षं.

या सगळ्या काळात आपल्याकडच्या बाकीच्या गाड्यांना कॅमच नव्हते हेही लक्षात घ्या. म्हैसूरची जावा आणि नंतरची येझदी, राजदूत, पुढं आरएक्स १००, सगळ्या टू स्ट्रोक. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टॅपेट नाही. त्यामुळं टायमिंग बसवता येणारा मिस्त्री म्हणजे बुलेटचा मिस्त्री, वेगळी जमात, थोडा भाव खाणारी. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि घराघरात फोर स्ट्रोक पोचली, पण हिचा कॅम वर हेडमध्ये आणि चेनवर चालणारा. खरं तर स्प्लेंडरचा कॅम बदलणंही जमण्यासारखं आहे, मॅग्नेटवरची टी ची खूण आणि स्प्रॉकेटवरची खूण जुळवायची, चेन खाली पडू नये म्हणून तारेने बांधून ठेवायची. पण ही गाडी लोकांनी उघडलीच नाही कारण ती बिघडायचीच नाही, आणि बिघडली की तेलाशिवाय कोरडी चालवल्यामुळं कॅमसोबत रॉकर आणि हेडमधली कॅम बसायची जागाही खाल्लेली असायची. बुलेट सारखी कुरकुरायची म्हणून मालक शिकला, हे मी अभिमानाने सांगतोय की तक्रार करतोय ते माझं मलाच कळत नाही.

असंच काहीसं अमेरिकेतही झालंय. हार्लेने १९९९ मध्ये ट्विन कॅम इंजिन आणलं, कॅम खाली उजव्या पेटीतच पण आता चेनने जोडलेले, आणि त्या चेनचे स्प्रिंगवाले टेन्शनर, त्यांचं प्लास्टिकचं बूट (चेनला टेकणारा भाग) झिजून तुकडे तेलात जायला लागले. तिकडच्या लोकांनी मग घरच्या गॅरेजात कॅमपेटी उघडायला सुरुवात केली, आणि उघडलीच आहे तर कॅमही जरा तगडे टाकू म्हणून तेही बदलायचे. २००७ पासून सगळ्याच मॉडेलांना हायड्रॉलिक टेन्शनर आले.

आपल्याकडं १९९४ मध्ये आयशरने एनफिल्ड इंडिया कंपनी घेतली आणि मग बदल सुरू झाले. ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या इंजिन डिझाइन करणाऱ्या कंपनीच्या मदतीने ॲल्युमिनियमचं लीन बर्न (कमी पेट्रोलच्या मिश्रणावर चालणारं) इंजिन आलं, २००२ ची थंडरबर्ड त्यावरची, पुशरॉड मात्र कायम. मग २००८ च्या सुमारास युनिट कन्स्ट्रक्शनवालं इंजिन, गिअरबॉक्स आणि इंजिन एकाच खोक्यात आणि टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने आपोआप सेट होणारे. थंड इंजिनावर बोटांनी पुशरॉड फिरवून बघायची पद्धत या नव्या इंजिनापुरती संपली. एमिशनचे नियम कडक होत गेले आणि २०१० च्या आसपास कास्ट आयर्न इंजिन बंद झालं. २०२० मध्ये मिटीऑर आली ती ३४९ सीसीच्या नव्या इंजिनावर, कॅम हेडमध्ये, चेनवर, पुशरॉड नाहीच, आणि २०२३ मध्ये बुलेट नावाची गाडीही त्याच इंजिनावर गेली. आवाज चांगला ठेवलाय, कंपनही कमी, खोटं कशाला बोलू.

जुन्या इंजिनाचे कॅम अजून बाजारात भरपूर आहेत, पण आता कंपनीचे कमी आणि लोकल जास्त. लोकलमध्ये काही कॅम नीट कडक केलेले नसतात, थोडं चालल्यावर नाकावर खड्डे. घेताना दोन्ही कॅम एकाच सेटचे घ्या, टॅपेटच्या बुडावर खाच पडली असेल तर जुन्या टॅपेटवर नवा कॅम चढवू नका, तोही खाल्ला जातो. आणि कॅमसोबत ते कव्हरमधलं बिगएंडचं सील पण मागून घ्या, दुकानदार स्वतःहून देत नाही.