चोर सोडून ऑक्सिजन सेन्सरला फाशी

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की ‘पी०१७१’ हा कोड दिसतो, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने आणलेली असते, म्हणून पहिला घाव बहुधा त्याच्यावरच पडतो. नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो आणि चार दिवसांत पुन्हा लागतो.

मुळात हा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. धुराच्या नळीत खुपसलेली ती झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची छोटी टोपी असते, आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ थर दिलेली. टोपीच्या बाहेर धूर, आत साधी हवा. ती सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या तफावतीतून वीज निर्माण होते. पेट्रोल जास्त झाले की ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी पडले की ०.१. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण ओलांडताना व्होल्टेज कड्यावरून पडावे तसे कोसळते. बॉशने बनवलेला असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत आला.

आता एखादा स्पार्क प्लग चुकला असे समजा. न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही धुरात येतात. सेन्सरला दिसतो फक्त ऑक्सिजन. कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडतेय, आणि आणखी ओततो! सेन्सरच्या आधी धुराची नळी फुटली असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन तोच घोटाळा होतो. सेन्सर खरेच बोलत असतो.

म्हणून आधी व्हॅक्यूमच्या नळ्या, गॅस्केट आणि प्लग बघावेत. मग इंजिन चांगले गरम करून स्कॅनरवर पुढच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरचे व्होल्टेज पाहावे. ते सतत वरखाली व्हायला हवे. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की झपकन वर, सोडला की खाली. हे नीट होत असेल तर सेन्सरला हात लावू नये. आळसावला किंवा एकाच आकड्याला चिकटला तर संशय रास्त. (कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मात्र स्थिरच असावा लागतो. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे ‘वाइडबँड’, म्हणजे जास्त-कमी एवढेच न सांगता नेमके प्रमाण मोजणारा, प्रकार असतो, त्याला ही व्होल्टची परीक्षा लागू नाही.) ‘पी०१३५’ हा कोड सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटचा. तिथे आधी फ्यूज बघा, मग मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजा. हीटर तुटलेला निघाला तर सेन्सर बदलण्यावाचून इलाज नाही.

बदलताना नळी कोमट असली की आटे लवकर सुटतात. २२ मिलिमीटरचा, वायरीसाठी खाच असलेला सॉकेट लागतो. आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट फक्त आट्यांवर, टोकाला चुकूनही नाही. पुष्कळ नव्या सेन्सरना ती आधीच लावलेली असते. सेन्सरच्या आसपास सिलिकॉनचा साधा सीलंटही वापरू नये, त्याच्या वाफेने प्लॅटिनमवर थर बसतो.

आणि कनेक्टरमध्ये ग्रीस भरायचा मोह आवरा. टोपीच्या आतली ती साधी हवा बऱ्याच सेन्सरमध्ये वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. ग्रीस भरले किंवा जोड डाखला, की सेन्सरचा श्वास कोंडतो.