पुढचा फोरबॉल हलत नाही तेव्हा

रविवारी दुपारी आमच्या गोल्फच्या दुकानात येणारा पहिला ग्राहक बहुधा सकाळचा राउंड (अठरा होल) संपवून थेट कोर्सवरून आलेला असतो. बुटांना अजून गवत चिकटलेलं असतं, हातात एक क्लब (गोल्फची काठी) असतो आणि वाक्य ठरलेलं असतं : "हा आता चालत नाही हो. बदलून टाकू."

आम्ही क्लब हातात घेतो. ग्रिप गुळगुळीत झाली आहे का बघतो, शाफ्ट (दांडा) तपासतो, लॉफ्ट आणि लाय (क्लबच्या डोक्याचे कोन) मोजतो. पुष्कळदा काहीही बिघडलेलं नसतं. मग विचारतो, "आज राउंड किती वेळ चालला?" आणि तिथे बांध फुटतो. "साडेपाच तास! पुढचे चौघं प्रत्येक पट चारी बाजूंनी बघत होते..." पट म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवरचा, ग्रीनवरचा, हलका फटका; आणि एकत्र खेळणाऱ्या अशा चौघांना आम्ही फोरबॉल म्हणतो.

क्लब विकणं हा आमचा धंदा, त्यामुळे हे पत्रक म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं आहे. पण एका नेहमीच्या ग्राहकाचं स्कोअरकार्ड आम्ही काउंटरवर पसरून पाहिलं, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. त्यांना हायब्रिड, म्हणजे लांब फटक्यांचा एक क्लब, बदलायचा होता. कार्डावरचे डबल बोगी (ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त) आम्ही पेन्सिलीनं गोल केले. एक सोडून सगळे पार-थ्रीवर (तीन फटक्यांत संपवायच्या छोट्या होलवर) किंवा पार-थ्रीच्या लगेच पुढच्या होलवर होते, आणि त्यातल्या निम्म्या होलवर हायब्रिड बॅगेतून बाहेरसुद्धा आला नव्हता.

पार-थ्रीच का? कारण तिथेच गर्दी तुंबते. पार-फोरवर एक फोरबॉल ग्रीनवर असताना दुसरा टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) मारू शकतो, पार-फाइव्हवर तर तिघांची सोय होते. पार-थ्रीवर एका वेळी एकच फोरबॉल. आठ-आठ मिनिटांनी फोरबॉल सुटत असले आणि पार-थ्री संपवायला दहा-साडेदहा मिनिटं लागत असली, तर दर फोरबॉलमागे दोन-अडीच मिनिटं साचत जातात. दहावा फोरबॉल तिथे पोचतो तेव्हा त्याच्या वाट्याला वीसेक मिनिटं आलेली असतात. पुढच्या चौघांनी काही पाप केलेलं नसतं, तेही कुणाची तरी वाट बघूनच पुढे गेलेले असतात. हे गणित एकदा डोक्यात बसलं की निम्मा राग तिथेच उतरतो.

आता आणखी एक हिशोब. कुणी अडवलेलं नसेल तर ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस गोल्फच्या नियमांतच आहे. ९० फटके मारणाऱ्यानं प्रत्येक फटक्याला पूर्ण ४० सेकंद घेतले, तरी एकूण भरतो बरोबर एक तास. म्हणजे पाच तासांच्या राउंडमध्ये चार तास तुम्ही चालत असता, शोधत असता किंवा उभे असता. या चार तासांत लक्ष एकाग्र ठेवायचा प्रयत्न करणारा माणूस चौदाव्या होलपर्यंत पिळून निघतो.

म्हणून आधी लक्ष सोडा

आमचं सांगणं एवढंच आहे : थांबावं लागलं की लक्ष मुद्दाम सोडून द्यायचं आणि ठरलेल्या खुणेवर ते परत घ्यायचं. खूण हाताला लागेल अशी हवी. ग्लव्ह सगळ्यात सोयीचा. पुढे फोरबॉल दिसला की ग्लव्ह काढा, मागच्या खिशात खोचा. एवढं केल्यावर गोल्फ बंद. टिटवी ओरडतेय तिकडे बघा, मुलाच्या दहावीबद्दल बोला, कॅडीला (बॅग उचलणाऱ्याला) त्याच्या गावची पावसाची खबर विचारा. पुढे मोकळं झालं की ग्लव्ह चढवा. वेल्क्रो 'चर्र' करून बसला की गोल्फ सुरू. बॉलच्या मागे उभं राहा, निशाणीसाठी दोन हातांवरचं एखादं पान किंवा जुना डिव्हट (फटक्यानं उकरलेली जागा) निवडा, एक श्वास पूर्ण सोडा, पुढे व्हा, मारा. दर वेळी हाच क्रम ठेवा. दोन-तीन राउंडनंतर तो आवाज ऐकूनच खांदे सैल पडायला लागतात.

ग्लव्ह काढून ठेवण्याचा दुसरा फायदा आमच्या धंद्याला तोट्याचा आहे. मे महिन्यात पाच तास हातात राहिलेला ग्लव्ह घामानं कडक होतो आणि लवकर फाटतो. वाऱ्यावर वाळलेला बराच जास्त टिकतो.

पुढे मोकळं झालं की नाही, याकडे डोळे लावून बसू नका. ते काम कॅडीचं. त्याला पहिल्या टीवरच सांगून ठेवा, "पुढचे हलले की सांग, तोवर काही बोलू नकोस." "साहेब, मोकळं" हे दोन शब्द आले की खिशातून ग्लव्ह काढायचा. बॅग स्वतः ओढत असाल तर चौघांत आळीपाळीनं एकेकानं लक्ष ठेवायचं.

क्लब बॅगेतच राहू द्या

थांबण्यात खरं नुकसान होतं ते मत बदलण्यानं. १५० यार्ड, सात नंबरचं आयर्न, ठरलं. मग दहा मिनिटं आयर्न हातात. तिसऱ्या मिनिटाला वाटतं, वारा समोरून आहे, जास्त लांब मारणारा सहा घ्यावा. सहाव्या मिनिटाला आठवतं, मागच्या वेळी सहानं मागच्या झाडीत गेला होता. शेवटी सातनंच, पण जोर लावून मारलेला फटका कुठे जातो हे सांगायला नको. अंतर आधी मोजून ठेवा, पण क्लब पुढचे ग्रीनवरून उतरेपर्यंत बाहेर काढू नका. ४० सेकंद पुरेसे असतात.

हे मोठ्या खेळाडूंचंही होतं. २००७ च्या ओपन स्पर्धेत स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला शेवटच्या होलवर सर्जिओ गार्सियाला जिंकायला पार (होलसाठी ठरलेले फटके) हवा होता. त्याला फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) ताटकळत उभं राहावं लागलं, कारण पुढे बंकरमधली वाळू रेकनं सारखी करणं चाललं होतं. सुमारे पंधरा मिनिटं गेल्याची तक्रार त्यानं नंतर केली. त्याचा फटका डावीकडच्या बंकरमध्ये गेला, पार वाचवणारा पट होलच्या काठावरून वळला आणि चार होलच्या प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा खेळात) पॅड्रिग हॅरिंग्टन जिंकला. थांबल्यामुळेच तो हरला असं आम्ही म्हणणार नाही, पट आत गेला असता तर ही गोष्ट कुणी काढलीही नसती. पण चुकीला पटणारं कारण आधीच हाताशी असलं की पुढचा फटका ढिला पडतो, हे आमच्या काउंटरवर रोज दिसतं.

२०१८ मध्ये अमेरिकेत टॉरी पाइन्सच्या स्पर्धेत जे. बी. होम्सनं अठराव्या होलच्या दुसऱ्या फटक्याला चार मिनिटांहून जास्त घेतली. त्याच्याच ग्रुपमध्ये, जिंकायच्या बेतात असलेला अ‍ॅलेक्स नोरेन तेवढा वेळ उभा होता. त्याचा फटका नंतर ग्रीनच्या पलीकडे गेला. प्लेऑफ सोमवारपर्यंत लांबला आणि विजेतेपद जेसन डेनं नेलं.

पाय, पोट आणि पाणी

मन जागेवर आणलं तरी शरीर थंड झालेलं असतं. पार-थ्रीच्या टीवर बाक असतो, तो फार मोहाचा असतो. दोन मिनिटं बसा, मग उठून सावलीत चाला. मारायच्या आधी दोन सावकाश प्रॅक्टिस स्विंग. दहा नको. थांबल्या वेळेत दहा-दहा स्विंग करणारा माणूस दहाव्या स्विंगला नवीन काहीतरी शोधून काढतो आणि तेच घेऊन बॉलवर जातो.

नवव्या होलनंतरच्या चहाबद्दल आमच्या दुकानात एकमत नाही. आमच्यातला एक जण ऑम्लेट-पाव सोडत नाही आणि दहाव्या टीवरून त्याचा बॉल दर वेळी उजवीकडे जातो. मूठभर चणे किंवा एखादं केळं थोडं थोडं खात राहिलेलं बरं. पाणी तहान लागायच्या आधी.

थांबल्या वेळेत काय चालतं, काय चालत नाही

सोबत्याशी गप्पा मारा, पण "तू कुठला क्लब घेतलास?" हे स्पर्धेत विचारू नका. तो सल्ला मागणं ठरतो. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत ठरते तिथे) तो होल हरलात. अंतर विचारायला हरकत नाही, ती सगळ्यांना उपलब्ध असलेली माहिती आहे. होल संपल्यावर त्याच ग्रीनवर किंवा पुढच्या टीजवळ पट-चिपचा (ग्रीनवरच्या आणि ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांचा) सराव नियमात बसतो, मात्र खेळाला उशीर होता कामा नये आणि कमिटीनं स्थानिक नियमानं तो बंद केलेला नसावा. सुरू असलेल्या होलवर सरावाचा फटका अजिबात नाही.

कानात गाणी? नुसती चालू असतील तर चालतात. आजूबाजूचा गोंगाट कानावर येऊ नये किंवा स्विंगची लय साधावी म्हणून ऐकत असाल तर नियमभंग.

फोनचं मात्र आम्ही कळकळीनं सांगतो. ऑफिसची मेल उघडलीत की ग्लव्ह, वेल्क्रो, श्वास, सगळं पाण्यात. बॉसचं उत्तर मनात लिहीत केलेला पट कधीच आत जात नाही.

रागाच्या भरात पुढच्यांच्या मागे बॉल मारू नका. "मी इतका लांब मारतच नाही" असं म्हणून मारलेला फटका नेमका आयुष्यातला सर्वांत लांब जातो. अंतराबद्दल जराही शंका असली तर थांबा, आणि बॉल कुणाच्या दिशेनं निघालाच तर लाज न बाळगता 'फोर' (गोल्फमधली सावधानतेची हाक) ओरडा. हळू चालल्याची तक्रार मार्शलकडे (कोर्सवर खेळाकडे लक्ष ठेवणाऱ्याकडे) करा, पुढच्या फोरबॉलशी भांडण नको.

आणि एकदा मागेही वळून बघा. मागे टीवर चौघं कमरेवर हात ठेवून उभे आहेत आणि तुमच्या पुढचा होल रिकामा आहे, तर हळू खेळणारे तुम्हीच. स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार त्यानं आधी मारावं, याला नियमांचं उत्तेजन आहे. बॉल शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, २०१९ पूर्वी पाच मिळत. स्टेबलफोर्डमध्ये (होलमागे गुण देणाऱ्या खेळात) गुण मिळण्याची आशा संपली की बॉल उचला. उशीर केल्याचा दंड वय बघत नाही : २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत ग्वान तियानलांग या १४ वर्षांच्या मुलालाही एका फटक्याचा दंड झाला होता. त्यानं तरीही कट (स्पर्धेच्या मध्यावरची गाळणी) पार केला.

कंपन्यांच्या शॉटगन स्टार्टला हे सगळं दुप्पट लागू. एकाच भोंग्यावर सगळ्या होलवरून सुरुवात, काही होलवर दोन-दोन फोरबॉल आणि निम्मे लोक वर्षातून एकदा क्लब धरणारे. तिथे सहा तास गृहीत धरून जा, दोन ग्लव्ह न्या.

पुढच्या वेळी ग्रिप बदलायला याल तेव्हा शेवटच्या तीन राउंडची कार्डं बरोबर आणा. जिथे जिथे थांबावं लागलं त्या होलसमोर घरूनच पेन्सिलीनं टिंब करून आणा. क्लब मोजायच्या आधी आम्ही ती टिंबं बघू, त्याचे पैसे नाहीत. सोमवारी दुकान बंद असतं.