लक्ष्यवेधी कर्करोग-औषधनिर्मिती : औषधी रसायनज्ञाचे कार्य

कर्कपेशीची वाढ ज्या प्रथिनावर अवलंबून असते ते हेरून त्याचे काम बंद पाडणारा लहान रेणू रचणे, तो प्रयोगशाळेत बनवणे, त्याची पारख करणे आणि बदल करत करत त्याला औषधाच्या पायरीपर्यंत आणणे, हे या शाखेतील औषधी रसायनज्ञाचे काम होय. जुनी पेशीमारक औषधे वेगाने विभागणाऱ्या कोणत्याही पेशीवर घाव घालतात. त्यामुळे केसांची मुळे, आतड्यांचे अस्तर व अस्थिमज्जा यांनाही त्यांची झळ लागते. लक्ष्यवेधी औषधात घाव कोठे घालायचा हे आधी ठरलेले असते, निदान तसा प्रयत्न असतो. प्रतिपिंडांवर आधारलेली औषधे याच वर्गात मोडत असली, तरी ती जैवतंत्रज्ञानाच्या वाटेने तयार होतात. प्रस्तुत नोंदीचा रोख संश्लेषित लहान रेणूंवर, त्यातही कायनेज नावाच्या विकरांना अडवणाऱ्या रेणूंवर, म्हणजे कायनेज निरोधकांवर आहे.

उगम : रोगाच्या कारणावरच नेमका जाऊन बसणारा रेणू असावा, ही कल्पना सामान्यतः जर्मन वैद्यक-संशोधक पाउल एर्लिख यांच्याकडे नेली जाते. त्यांचा ‘जादूची गोळी’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला मानतात. कर्करोगात मात्र पहिले लक्ष्यवेधी औषध कोणते, याबाबत एकमत नाही. एक पक्ष हा मान टॅमॉक्सिफेनला देतो. हा रेणू १९६२ साली ब्रिटनमधील आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी बनवला. स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला ब्रिटनमध्ये १९७३ साली व अमेरिकेत १९७७ साली मान्यता मिळाली. तो इस्ट्रोजेन ग्राहीवर बसतो हे खरे. पण तो घडवला गेला गर्भनिरोधकाच्या शोधात. लक्ष्य आधी आणि रेणू नंतर, असा क्रम तेथे नव्हता. दुसरा पक्ष रितुक्सिमॅब (मान्यता १९९७) व ट्रास्टुझुमॅब (१९९८) या प्रतिपिंडांकडे बोट दाखवतो. तिसऱ्या पक्षाच्या मते ल्यूकेमियावरील (रक्ताच्या कर्करोगावरील) इमॅटिनिब (२००१) हेच पहिले. रोगकारक जनुकदोष, त्यातून उपजलेले प्रथिन आणि त्या प्रथिनासाठी रचलेला रेणू ही साखळी लहान रेणूंच्या बाबतीत प्रथम येथेच पूर्ण झाली. रसायनशास्त्राच्या अंगाने पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. इमॅटिनिबला ‘पहिला कायनेज निरोधक’ म्हणण्याचा प्रघात आहे, तो मात्र सैल आहे. जपानमध्ये फासुडिल हा कायनेज निरोधक १९९५ सालीच वापरात आला होता. अर्थात तो कर्करोगासाठी नव्हता.

कायनेज हे एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट गट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवणारे विकर होय. मानवी जनुकसंचात अशी प्रथिन-कायनेजे ५१८ असल्याची गणना २००२ साली झाली. एटीपी ज्या खोबणीत बसतो ती खोबण या सर्वांत पुष्कळशी सारखी असते. शिवाय जीवाणूंपासून मिळालेला स्टॉरोस्पोरिन (१९७७) हा प्रबळ रेणू बहुतेक कायनेजांना एकाच वेळी अडवतो. त्यामुळे या खोबणीत निवडक रेणू बसवणे अशक्य आहे, असा समज बराच काळ रूढ होता. अलेक्झांडर लेवित्झ्की यांच्या गटाने १९८८ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या टायर्फोस्टिन रेणूंनी त्याला पहिला तडा दिला.

इमॅटिनिबची जडणघडण : चिरकालिक मायलॉइड ल्यूकेमियात आढळणारे आखूड गुणसूत्र पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांनी १९६० साली नोंदवले. ते ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून येते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखवले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे सतत चालू राहणारे कायनेज तयार होते; त्यातील कायनेजाचा भाग म्हणजे एबीएल. सिबा-गायगी (पुढे नोव्हार्टिस) येथील रसायनज्ञ युर्ग झिमरमन यांची सुरुवात मात्र एबीएलपासून झाली नाही. प्रोटीन कायनेज सी या वेगळ्याच विकराविरुद्धच्या चाळणीत सापडलेला फिनिलॲमिनोपिरिमिडीन हा साधा सांगाडा त्यांच्या हाती होता.

पुढचे बदल एकेक करून पाहण्यासारखे आहेत. पिरिमिडीनवर पिरिडीन वलय बसवताच पेशीतील परिणाम वाढला. फिनिल वलयावर ॲमाइड गट जोडल्यावर टायरोसीन कायनेजे (एबीएल याच वर्गातले) अडू लागली. मग त्याच वलयावर, मधल्या नायट्रोजनाच्या शेजारच्या जागी, एक मेथिल गट बसवला. या मेथिलमुळे दोन वलये एका पातळीत राहू शकत नाहीत, रेणूला पीळ बसतो आणि प्रोटीन कायनेज सी वरील परिणाम नाहीसा होतो. एक कार्बन व तीन हायड्रोजन एवढ्याच बदलाने लक्ष्य बदलले, याहून बोलके उदाहरण या विषयात क्वचितच सापडेल. शेवटी, रेणू पाण्यात विरघळेना म्हणून मेथिलपिपरॅझीन जोडले. ते थेट ॲरोमॅटिक वलयावर न लावता मध्ये एक कार्बन ठेवला. थेट जोडणीतून चयापचयात ॲनिलीन-सदृश उत्परिवर्तनकारी पदार्थ निघण्याची भीती होती.

हा रेणू एबीएलमध्ये कसा बसतो, हे त्यानंतर बऱ्याच काळाने कळले. जॉन कुरियन यांच्या गटाने २००० साली एका निकटच्या रेणूसह एबीएलची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. रेणू विकराच्या बंद रूपाला धरून ठेवतो, असे तीत दिसले. ॲस्पार्टेट-फिनिलॲलॅनिन-ग्लायसिन हा तीन अमिनो अम्लांचा तुकडा या रूपात बाहेर वळलेला असतो. बंद रूपे निरनिराळ्या कायनेजांत निरनिराळी असतात. निवडकपणाचा मोठा वाटा तेथून येतो. केवळ विद्राव्यतेसाठी जोडलेले पिपरॅझीनही प्रथिनाशी हायड्रोजन बंध करते, हे पुढील रचनांत आढळले. म्हणजे या औषधाचे दोन मोठे गुण आराखड्यात नव्हते. मोजमाप चोख होते म्हणून ते हातून निसटले नाहीत. औषध मेसिलेट लवणाच्या रूपात देतात. नेहमीची ४०० मिग्रॅ. ही मात्रा मूळ बेसची असते, आणि गोळीत लवण सुमारे ४७८ मिग्रॅ. असते.

कामाचे चक्र : आराखडा, संश्लेषण, चाचणी व विश्लेषण हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवले जाते. संश्लेषणाचा मार्ग शक्य तितक्या उशिरा फाटे फुटतील असा आखतात, म्हणजे एकाच मध्यस्थ पदार्थापासून वीस-तीस रेणू निघतात. ॲमाइड जोडणी, सुझुकी जोडणी, बुखवाल्ड-हार्टविग ॲमिनीकरण व ॲरोमॅटिक वलयावरील केंद्रकस्नेही प्रतिष्ठापन या चार विक्रियांवर बरेचसे काम चालते. बनलेला पदार्थ एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) व द्रव्यमान वर्णपटाने ओळखतात. शुद्धता ९५ टक्क्यांच्या खाली असेल, तर तो सहसा चाचणीला पाठवत नाहीत.

विकरावरील चाचणीत चांगला ठरलेला रेणू पेशीत मार खातो, ही नवख्याला हमखास पडणारी अडचण. बहुधा दोष रेणूचा नसतो, एटीपीचा असतो. चेंग-प्रुसॉफ समीकरणानुसार (१९७३) एटीपीशी स्पर्धा करणाऱ्या रेणूचा निम्मा परिणाम साधणारी संहती म्हणजे त्याचा निरोध स्थिरांक गुणिले (१ + एटीपीची संहती भागिले विकराचा मायकेलिस स्थिरांक). निरोध स्थिरांक जितका लहान तितकी रेणूची पकड घट्ट; ज्या एटीपी-संहतीला विकर कमाल वेगाच्या निम्म्या वेगाने चालते, तो मायकेलिस स्थिरांक. निरोध स्थिरांक ५ नॅनोमोलर व मायकेलिस स्थिरांक २० मायक्रोमोलर धरू. चाचणीत एटीपी २० मायक्रोमोलर ठेवल्यास १० नॅनोमोलर हा आकडा मिळतो. पेशीत एटीपी २ मिलिमोलर असेल, तर तोच आकडा ५०५ नॅनोमोलर होतो. एटीपीची संहती न सांगता दिलेला आकडा म्हणूनच निरुपयोगी समजावा. विकराशी कायमचा रासायनिक बंध घालणाऱ्या सहसंयुजी निरोधकांना हे समीकरण लागू पडत नाही. त्यांचा आकडा किती मिनिटे थांबलो यावर बदलतो. तेथे बंध जुळण्याचा वेग स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

आकडे फसवतात त्याची इतरही कारणे आहेत. कमी विद्राव्य रेणू द्रावणात गोळे करून कोणतेही प्रथिन चिकटवून घेतात. चाचणीत ट्रायटन एक्स-१०० हा प्रक्षालक ०.०१ टक्का घातल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर तो रेणू बाजूला ठेवावा. ट्रायफ्लुओरोॲसिटिक अम्ल वापरून शुद्ध केलेला बेस त्या अम्लाचे लवण होऊन येतो. ४५० रेणुभाराच्या पदार्थात अम्लाचे ११४ मिळाले, की वजन ५६४ प्रमाणे धरायला हवे. ते विसरल्यास १० मिलिमोलर म्हणून ठेवलेले द्रावण प्रत्यक्षात ८ मिलिमोलर भरते. डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकातील साठ्याच्या कुप्या वरचेवर गोठवल्या-वितळवल्या की हवेतले पाणी शोषतात आणि रेणू तळाशी बसतो. १ नॅनोमोलर शक्तीच्या जुन्या रेणूची १ टक्का भेसळ नव्या, पूर्ण निष्क्रिय रेणूत राहिली, तर तो १०० नॅनोमोलरचा भासतो. त्यावर महिनोन्महिने फुकट जाऊ शकतात.

शक्ती वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे रेणू अधिक मेदस्नेही करणे. मोहाची जागा हीच. मेदस्नेहता वाढली की विद्राव्यता घटते, यकृत रेणू लवकर फोडते, आणि जोडीला बेसिक ॲमीन असेल तर हृदयाच्या लयीशी निगडित असलेला हर्ग पोटॅशियम मार्ग अडण्याचा धोका वाढतो. लिपिन्स्की यांचे १९९७ मधील निकष (रेणुभार ५००, मेदस्नेहतेचा लॉगपी ५, हायड्रोजन बंध देणारे ५ व घेणारे १० यांच्या आत) पहिल्या गाळणीला उपयोगी आहेत. पण ते कायदा नव्हेत. २०१६ साली मान्यता मिळालेल्या व्हेनेटोक्लॅक्स या ल्यूकेमियावरील औषधाचा रेणुभार ८६८ आहे.

प्रतिरोध : औषध बाजारात आल्यावरही रसायनज्ञाचे काम संपत नाही. इमॅटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांत एबीएलच्या ३१५ व्या जागेवरील थ्रिओनीनऐवजी आयसोल्यूसीन येते, हे २००१ मध्येच दिसून आले. एक हायड्रोजन बंध जातो आणि दारात अडथळाही उभा राहतो. पोनॅटिनिबमध्ये (२०१२) त्या जागी कार्बन-कार्बन तिहेरी बंधाची सरळ, सडपातळ काडी ठेवून वाट काढली. मात्र त्याने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका पुढे आला आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील विक्री काही काळ थांबवावी लागली. ॲसिमिनिब (२०२१) एटीपीची खोबण सोडून एबीएलवरील दुसऱ्याच, मिरिस्टेट या मेदाम्लाच्या खोबणीत बसते.

फुप्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर या वाढीचा संकेत घेणाऱ्या ग्राही-कायनेजामध्ये ७९० व्या जागी थ्रिओनीनचे मेथिओनीन होते. हा बदल वरवर ३१५ सारखाच दिसतो. पण येथे मुख्य अडचण एटीपीची ओढ वाढण्याची आहे. ऑसिमर्टिनिब (२०१५) आपल्या ॲक्रिलॅमाइड गटाने ७९७ व्या सिस्टीनला कायमचा बंध घालते, त्यामुळे स्पर्धाच उरत नाही. कर्कपेशीचे उत्तर म्हणजे त्या सिस्टीनचे सेरीन होणे. केआरएएस या पेशीवाढीचा संकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनावर धरायला खोबणच नाही, असे दीर्घकाळ मानत. त्याच्या १२ व्या जागी आलेल्या सिस्टीनला बंध घालून शेजारची दडलेली खोबण उघडता येते, हे केव्हान शोकॅट यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले. याच वाटेने जाणाऱ्या सोटोरासिबला २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

शिक्षण व पदे : सेंद्रिय रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी ही किमान पात्रता समजतात, स्वतंत्र आराखड्याचे काम बहुधा पीएच.डी. नंतर मिळते. पहिली काही वर्षे संश्लेषणातच जातात, आणि ती तशी जावीत. कोणता रेणू चार पायऱ्यांत होईल व कोणता चौदा, हे हाताला कळल्याशिवाय आराखडा कागदावरच राहतो. पुढे स्फटिकरचनांचे वाचन, चयापचय व विषशास्त्र यांचे अहवाल आणि एकस्वांचे मसुदे हाताखाली येतात. पथकप्रमुखाला जीवशास्त्रज्ञांबरोबर बसून एखादा प्रकल्प थांबवण्याचा निर्णयही घ्यावा लागतो. नोंदवहीत रेणूच्या प्रत्येक घाण्याला वेगळा क्रमांक देतात. दोन चाचण्यांचे आकडे जुळेनासे झाले, की प्रथम पाहायचा तो हा क्रमांक.