चाळिशीतली मरगळ, पन्नाशीची उमेद

प्राणिसंग्रहालयांत चिंपांझी आणि ओरांगउटान यांची देखभाल करणाऱ्या माणसांना संशोधकांनी एक छोटी प्रश्नावली दिली. हा प्राणी एरवी खुशीत असतो का, इतरांच्या सहवासात रमतो का, त्याला हवं ते तो मिळवू शकतो का, असे प्रश्न त्यात होते. शेवटचा प्रश्न मला फार आवडतो : एक आठवडा तुम्हाला या प्राण्याचं आयुष्य जगावं लागलं, तर तुम्ही किती सुखी असाल? ५०८ प्राण्यांबद्दलची ही उत्तरं २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तरुण प्राणी आनंदी होते, म्हातारेही बऱ्यापैकी आनंदी होते. सगळ्यांत उदास होते ते मधल्या वयातले, साधारण अठ्ठावीस ते पस्तीस वर्षांचे. माणसाच्या हिशोबात हे वय येतं पंचेचाळीस ते पन्नास.

चिंपांझीच्या डोक्यावर घराचं कर्ज नसतं. मुलीच्या बारावीची काळजी नसते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नसतं. तरीही त्याचा उत्साह मधेच ओसरतो. मी सत्तेचाळीस वर्षांची असताना हे वाचलं असतं, तर स्वतःला दोष देणं बरंच आधी थांबवलं असतं. तेव्हा माझं सगळं जागच्या जागी होतं. नोकरी पक्की, मुलगा इंजिनिअरिंगला, घरातली माणसं धडधाकट. पण रविवारी संध्याकाळी गॅलरीतले वाळलेले कपडे काढताना वाटायचं, आता पुढे काय? पुन्हा हाच आठवडा?

एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ मध्ये या अवस्थेला ‘मध्यवयातलं संकट’ असं नाव दिलं. मला संकट हा शब्द पटत नाही. संकट एखाद्या दिवशी दारात येऊन उभं राहतं. इथे तसं काही घडत नाही, फक्त हुरूप हळूहळू आटत जातो. मरगळ हाच त्यासाठी नेमका शब्द. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ब्लँचफ्लॉवर यांनी १३२ देशांतली सर्वेक्षणं एकत्र करून पाहिली, तेव्हा समाधानाची पातळी सगळ्यांत खाली गेलेली दिसली ती श्रीमंत देशांत ४७.२ व्या वर्षी आणि विकसनशील देशांत ४८.२ व्या वर्षी. त्यानंतर आलेख पुन्हा वर चढतो.

अर्थात ही सरासरी आहे. पुष्कळांच्या वाट्याला असा खड्डा येतच नाही, आणि तो सगळीकडे असतो का यावर अभ्यासकांत वाद आहेत. शिवाय २०२५ मध्ये ब्लँचफ्लॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवून दिलं की मध्यवयातल्या दुःखाचा तो उंचवटा आता अनेक देशांत दिसेनासा झाला आहे. मध्यवय सुधारलं म्हणून नव्हे, तर तरुण मुलंच फार खचली आहेत म्हणून. ही बातमी वाचून आनंद व्हावा असं त्यात काही नाही.

पण खड्डा पडतो तो का? मला सगळ्यांत पटलेलं उत्तर हान्नेस श्वांट या अर्थतज्ज्ञाच्या अभ्यासात सापडलं. जर्मनीत हजारो लोकांना दरवर्षी दोन गोष्टी विचारल्या जात होत्या : आज तुम्ही किती समाधानी आहात, आणि पाच वर्षांनी किती असाल? तीच माणसं वर्षानुवर्षं उत्तरं देत असल्यामुळे अंदाज आणि वास्तव शेजारी शेजारी ठेवून पाहता आलं. तरुणांचे अंदाज जवळजवळ नेहमीच चढे निघाले. पंचविशीतल्या माणसाला वाटतं, पाच वर्षांत सगळं छान होईल. तेवढं छान होत नाही. चाळिशीत दुहेरी मार बसतो. मागच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत याची रुखरुख असते आणि पुढच्या अपेक्षाही विझू लागलेल्या असतात. पंचावन्नच्या पुढे हिशोब उलटतो. माणसं पुढच्या काळाबद्दल फार आशा धरत नाहीत, आणि प्रत्यक्षात जे वाट्याला येतं ते अंदाजापेक्षा बरं निघतं.

म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘आता काही उरलं नाही’ असं जे वाटतं, तो पुढच्या आयुष्याबद्दलचा एक अंदाज असतो, आणि तो बहुधा चुकीचा ठरतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

मात्र एक गोष्ट इथेच सांगायला हवी. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक गेली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर ती मरगळ नाही, तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. पाळी जाण्याच्या काळातली अपुरी झोप आणि घालमेल यांबद्दलही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं. मनाच्या तक्रारींबद्दल बोलण्यासाठी टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आता उमेदीकडे येते. अमेरिकेत १९९५ पासून मध्यवयाचा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यात माणसाच्या जगण्याला प्रयोजन आहे का, हे तीन साध्या वाक्यांवरून जोखलं गेलं. त्यातलं एक वाक्य असं : ‘आयुष्यात जे करायचं ते सगळं करून झालं, असं मला कधीकधी वाटतं.’ सहा हजारांहून अधिक लोकांवर चौदा वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की ज्यांना जगण्याचं प्रयोजन जाणवत होतं त्यांच्यात या काळात मृत्यू कमी झाले. वय तिशीचं असो की साठीचं, माणूस नोकरीत असो की निवृत्त, फरक पडला नाही. जपानमधल्या ओसाकी भागात ४० ते ७९ वर्षांच्या ४३ हजारांहून अधिक लोकांना ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का’, म्हणजे ज्याच्यासाठी सकाळी उठावंसं वाटतं असं काही आहे का, एवढंच विचारलं होतं. सात वर्षांत ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी, जास्त मृत्यू झाले.

प्रयोजनामुळेच आयुष्य वाढलं असं यावरून सिद्ध होत नाही. तब्येत बरी असलेल्या माणसाला उमेदही जास्त असणारच. संशोधक आधीचे आजार, उत्पन्न, व्यसनं यांचा हिशोब करतात, तरी थोडी शंका उरते. पण एक धागा हाताला लागतो : पन्नाशीपुढच्या सात हजारांवर अमेरिकनांच्या एका अभ्यासात, ज्यांना प्रयोजन अधिक जाणवत होतं ते कोलेस्टेरॉलसारख्या तपासण्या वेळेवर करून घेत आणि रुग्णालयात कमी रात्री काढत. आपली कुणालातरी गरज आहे असं वाटलं, की माणूस स्वतःला जपतो.

आणि या वयात देण्यासारखं पुष्कळ असतं. सिएटलमध्ये वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की नजरेचा आणि आकडेमोडीचा वेग लवकर उतरतो, पण शब्दसंपत्ती आणि तर्क करण्याची कुवत चाळीस ते पासष्टच्या दरम्यान ऐन भरात असते.

समुद्रातली गोष्ट तर याहून सुंदर आहे. ओर्का माशासारखी दिसते, पण सस्तन आहे. तिची मादी साधारण चाळिशीत पिलं होण्याच्या वयापलीकडे जाते आणि त्यानंतरही कित्येक दशकं जगू शकते. निसर्गात असं फार क्वचित घडतं. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर केलेल्या शेकडो तासांच्या चित्रीकरणातून कळलं, की सॅमन मासे शोधायला निघालेल्या कळपाच्या पुढे बहुतेकदा याच वयस्क माद्या असतात, आणि ज्या वर्षी मासळी कमी असते त्या वर्षी तर जास्तच. दुष्काळात कुठे मासे मिळतात हे त्यांना ठाऊक असतं. त्या गेल्या, की नातवंडांच्या जिवाला धोका वाढतो. पाळी गेल्यावर ‘आता संपलं’ म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

आपल्याकडे महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले, तेव्हा ते छपन्न वर्षांचे होते. गणित शिकवण्यात दोन तपं गेली होती, हिंगण्याचा आश्रमही उभा राहिला होता. कुणीही म्हणालं असतं, आता विश्रांती घ्या. त्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, आणि १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ सुरू केलं. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाचं काम त्यांनी हाती घेतलं तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते.

माझं काम अगदी लहान आहे. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या काकू ओढून घेऊन गेल्या म्हणून मी वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवीच्या मुलांना गणित शिकवायला लागले. आधी उमेद आली आणि मग गेले, असं झालं नाही. जायला लागल्यावर ती कधी परत आली ते कळलंही नाही. सध्या बैजिक राशींचे अवयव चालू आहेत. कंसाबाहेर वजा चिन्ह असलं की दोघं मुलं अजून अडखळतात, म्हणून शनिवारी त्यांच्यासाठी मी अर्धा तास लवकर निघते.