युरोपियन स्टडीजची जॉइंट डिग्री
युरोपियन स्टडीजची जॉइंट डिग्री म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांनी मिळून आखलेला कोर्स, बहुतेक वेळा मास्टर्सचा, दोन वर्षं आणि १२० ईसीटीएस क्रेडिट्सचा (ईसीटीएस म्हणजे अभ्यास मोजायची युरोपातली सामाईक पद्धत, एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, त्यात लेक्चर्स कमी आणि आपलं आपण वाचणंच जास्त). इतिहास, कायदा, राजकारण, संस्कृती सगळंच थोडं थोडं असतं, त्यामुळे "म्हणजे नक्की कशातली डिग्री?" असं कुणी विचारलं की पटकन उत्तर सुचत नाही.

१९८७ ला सुरू झालेल्या इरॅस्मस एक्सचेंजशी, म्हणजे युरोपातल्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेशी, याची गल्लत करू नये. एक्सचेंजमध्ये तुम्ही बाहेर राहून परत येता आणि डिग्री आपल्याच विद्यापीठाची मिळते, डबल डिग्रीत दोन सर्टिफिकेटं हातात पडतात, जॉइंटमध्ये मात्र कागद एकच, त्यावर सगळ्यांची नावं. ऐकायला सोपंय, पण डिग्री कोणी द्यायची हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो आणि काही ठिकाणी असा एकत्र कागद द्यायची सोयच नव्हती, म्हणून कोर्स जॉइंट पण सर्टिफिकेटं वेगळी असंही चालायचं. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यावर (युरोपातल्या डिग्र्या एकमेकींशी जुळत्या करायचा करार) २९ देशांनी सह्या केल्या तिथून गाडी रुळावर यायला लागली, तरी कोर्सच्या दर्जाची तपासणी एकदाच आणि सगळ्यांसाठी मिळून व्हावी हे ठरायला २०१५ उजाडलं.

ठळक उदाहरण युरोकल्चर नावाच्या मास्टर्स कोर्सचं, सुरुवात १९९८. ग्रोनिंगेन, गॉटिंगेन, क्राकोव, उप्साला, उदिने वगैरे विद्यापीठं त्यात आली. पहिलं सेमिस्टर एका शहरात, दुसरं दुसऱ्या शहरात, तिसऱ्या सेमिस्टरला रिसर्च किंवा इंटर्नशिप, मग थिसिस, आणि त्याला दोन्ही विद्यापीठांचे गाइड, म्हणजे एकाला आवडलेला चॅप्टर दुसऱ्यालाही पटवायचा.

खरी गंमत मार्कांची. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यात भारी, नेदरलँड्समध्ये १ म्हणजे पार धुळधाण कारण तिथे १० पैकी मोजतात, इटलीत ३० पैकी १८ ला पास, फ्रान्समध्ये २० पैकी १० ला. त्यातून १६ मिळाले तर फ्रान्समध्ये पेढे वाटायचे आणि इटलीत परत पेपर द्यायचा. म्हणून विद्यापीठं आधीच बसून एक कन्व्हर्जन टेबल ठरवतात.

पैशांसाठी २००४ पासूनची इरॅस्मस मुंडुस ही युरोपियन युनियनची (ईयू) योजना आहे, २०२१ नंतरच्या कोर्सेसना स्कॉलरशिप महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, पण प्रवास, व्हिसा, राहणं सगळं त्यातच भागवायचं. ईयूबाहेरच्या मुलांना देश बदलला की राहण्याच्या परमिटचं लचांड मागे लागतं. २०१६ च्या एका ईयू डायरेक्टिव्हने (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमाने) अशा कोर्सवाल्यांना पहिल्या देशाच्या परमिटवर दुसऱ्या देशात ३६० दिवसांपर्यंत शिकायची मुभा दिली, पण डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत.