बर्फाचा रस्ता मुरतो कसा

माझा भाचा आयडाहोत राहतो. मागच्या हिवाळ्यात तो यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्नोमोबाइल, म्हणजे पुढे स्कीच्या पट्ट्या आणि मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी, चालवून आला आणि घरच्या ग्रुपवर त्याने व्हिडिओंचा पाऊस पाडला. दोन्ही बाजूंना लॉजपोल पाइनची सरळसोट झाडं, मधून पांढरा सपाट रस्ता, कडेला वाफाळणारी फायरहोल नदी. एका व्हिडिओत तो रस्त्यावर बूट आपटून म्हणतो, "मामा, बघ, नुसता दगड! गाड्यांच्या वजनाने बर्फ वितळतो आणि परत गोठतो, म्हणून असा होतो."

नाही रे बाबा.

चूक त्याची एकट्याची नाही. शाळेत पुनर्हिमायन शिकवतात: दाबाने बर्फ वितळतो आणि दाब हटला की परत गोठतो. बर्फाच्या लादीवर वजनं बांधलेली तार ठेवली की ती लादीतून आरपार जाते आणि लादी मात्र अखंड राहते. ते डोक्यात इतकं घट्ट बसतं की बर्फ आणि दाब एकत्र दिसले की आपण तेच उत्तर ठोकून देतो. पण आकडे मांडून बघा. गाडी साधारण २५० किलोची, वर ८० किलोचा माणूस. हे वजन रबरी पट्टा आणि दोन स्की मिळून पाऊण चौरस मीटरभर पसरतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ४०-४५ ग्रॅम. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाच्या बुटाखाली याच्या सात-आठपट दाब असतो. म्हणून तर गाडी तरंगते आणि माणूस रुततो. (क्यूबेकच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९३७ मध्ये पट्ट्याच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि १९५९ मध्ये स्की-डू नावाची छोटी स्नोमोबाइल बाजारात आणली, ती याच हिशेबावर.) उणे १५ अंशांचा बर्फ निव्वळ दाबाने वितळवायचा तर हवेच्या दाबाच्या सुमारे दीड हजारपट दाब लागेल. तोवर कणांचा भुगा होईल.

मग रस्ता दगड होतो कसा? सगळी गंमत इथे आहे.

आपण बर्फाला गार समजतो. बर्फाच्या दृष्टीने उणे ५ अंश म्हणजे भट्टीच. निरपेक्ष मापाने ते २६८ केल्विन, आणि वितळणबिंदू २७३. लोखंड वितळणबिंदूच्या इतकं जवळ नेलं तर पांढरंशुभ्र तापलेलं असेल. म्हणजे हिमकणाच्या पृष्ठभागावरचे रेणू सतत सुटत असतात, सरकत असतात, परत चिकटत असतात. आता दोन गोल कण एकमेकांना टेकलेत असं समजा. कणाच्या फुगीर भागावरच्या रेणूला शेजारी कमी, त्यामुळे तो सहज निसटून वाफ होतो. दोन कणांच्या मधली खाच मात्र खोलगट. तिथे बसलेल्या रेणूला जास्त शेजारी धरून ठेवतात. सुटलेली वाफ त्या खाचेत जाऊन बसते आणि तिथे बर्फाची मान तयार होते. मान जाड होत जाते आणि कण एकमेकांत जखडतात. पाण्याचा थेंबही न होता. कुंभाराच्या भट्टीत मातीचे कण न वितळता जुळतात, तेच हे. शास्त्रात याला सिंटरिंग म्हणतात. मी मुरणं म्हणतो. घरी बघायचं असेल तर फ्रीझरमध्ये बर्फाचे खडे पिशवीत भरून आठवडाभर विसरून जा, मग सुटे करून दाखवा.

ताज्या हिमाची सहा हातांची नक्षीही याच कारणाने टिकत नाही. टोकं झिजतात, कण गोल होतात. पाण्याशी प्रेमाने बोललं की सुंदर स्फटिक होतात, असे फोटो फॉरवर्ड करणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावं. शिव्या घाला की स्तोत्र म्हणा, टोक झिजणारच.

आता याची उलटी बाजू, जरा सावकाश वाचा. मीटरभर हिमाच्या तळाशी जमीन शून्याच्या आसपास असते, वर हवा उणे २०. तापमानात इतका उतार असला की वाफ जवळच्या खाचेत थांबत नाही, खालून वर जात राहते आणि वाटेत कणांवर सपाट पैलू वाढवते. माना बारीक राहतात. तळाचा थर भुरभुरीत साखरेसारखा होतो; मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. उतारावर असा थर असला की हिमस्खलनाची भीती.

स्नोमोबाइलच्या वाटा रात्री दुरुस्त करतात त्यामागे हे सगळं आहे. दिवसभरात गाड्यांमुळे वाटेवर टेकाडं उठतात, आपल्या कच्च्या रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांसारखी. ग्रूमर नावाचं यंत्र ती बुडापर्यंत खरवडतं, गुठळ्या फोडतं, वरचं आणि खालचं हिम घुसळतं आणि दाबून सपाट करतं. थरांमधला तापमानाचा उतार मोडतो, कण बारीक होतात, एकमेकांना जास्त ठिकाणी टेकतात. टेकले की माना तयार व्हायला लागतात. नुसतं वरून लाटलं तर टेकाडं झाकली जातात, जात नाहीत. आणि दाबून झाल्यावर काही तास त्यावरून कोणी जायचं नाही. घाई केली की कोवळ्या माना तुटतात आणि रात्रीची मेहनत वाया.

भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं. "मोठं आहे, नंतर वाचतो," म्हणाला आणि त्याच व्हिडिओचा उरलेला भाग पाठवला. त्यात तो फोटो काढायला वाटेच्या कडेवरून दोन पावलं झाडांकडे जातो. पहिल्या पावलाला गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याला कमरेपर्यंत आत. वर यायला हाताने हिम दाबू बघतो, तर ते बोटांमधून साखरेसारखं गळतंय.