परळचे जुने गव्हर्न्मेंट हाउस

मुंबईत परळला आचार्य दोंदे मार्गावर असलेली ऐतिहासिक वास्तू. मूळची जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांची मिळकत, पुढे इंग्रज गव्हर्नरांचा बागबंगला आणि १८९९ पासून प्रयोगशाळेचे घर; ही प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

पोर्तुगीज काळात परळ हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक होते. शेती आणि ताडामाडांचे. १६८९–९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईला वेढा घातला. जेझुइटांनी त्याला मदत केल्याच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांच्या जमिनी जप्त केल्या. परळची ही मिळकतही पुढे ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. कोटातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या शहरातल्या (आजच्या फोर्टातल्या), दाटीतून सुटका म्हणून गव्हर्नर इथे येऊ लागले, आणि १७७० च्या दशकात विल्यम हॉर्नबी यांनी मुक्कामच हलवला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी वास्तू वाढवली. जेझुइटांच्या जुन्या चॅपेलच्या (प्रार्थनागृहाच्या) जागेत मेजवानीचे दालन झाले.

गिरण्या आल्या आणि परळची हवा बदलली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने दगावल्या. त्यानंतर काही वर्षांतच गव्हर्नरांचे निवासस्थान मलबार पॉइंटला गेले. गिरणीकामगारांना मात्र त्याच परळमध्ये राहायचे होते.

वास्तूचे खरे मोठेपण यानंतरचे आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. रिकाम्या बंगल्यात प्लेगचे रुग्णालय उघडले. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ऑगस्ट १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या बंगल्यात आली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली व ठपका हाफकिन यांच्यावर आला. तो पुसायला काही वर्षे लागली. हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले.

आज येथे संशोधन, चाचणी व पदव्युत्तर शिक्षण चालते. लसनिर्मितीचे काम १९७० च्या दशकात वेगळ्या सरकारी महामंडळाकडे सोपवण्यात आले. पोलिओची तोंडी लस आणि सर्पदंशावरचे औषध ही त्याची ठळक उत्पादने. शेतात साप चावलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर गव्हर्नरांच्या मेजवान्यांपेक्षा या आवाराचा हा उपयोग कितीतरी मोलाचा आहे.